तेरवीचा घाव

लांजेवार सर कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवण्याआधी तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे. टरबुजावर आपण सगळेच करतो. सर टेबलावर करायचे, माठावर, नव्या कपाटावर, शाळेच्या खांबावर आणि नववीतल्या पोरांच्या डोक्यावरसुद्धा. डोक्यावर टकटक करून कान जवळ न्यायचे आणि म्हणायचे, "आत सामान हाय बाप्पा, पन लावलेलं नाई." पोरं खूश व्हायची. पालक तक्रार घेऊन आले असते तर सरांनी त्यांच्याही डोक्यावर टकटक केली असती.

मी त्याच शाळेत गणित शिकवायचे, सर इतिहास-भूगोल. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी, आणि पुढे मनीषनगरातले फ्लॅटही एकाच मजल्यावर आले. म्हणजे दिवसभर शाळेत सर आणि संध्याकाळी जिन्यात सर. एवढं सहन व्हायला माणूस मुळात चांगला असावा लागतो, आणि सर होते. गेल्या महिन्यात पुण्याला, लेकीच्या घरी, झोपेतच गेले. बातमी मोबाइलवर आली. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली, त्यात मीही दोन हात जोडून टाकले आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडचिड करत बसले. एवढ्या माणसाला दोन चिमुकले हात जोडून मोकळं व्हायचं म्हणजे काय.

"घाई कोनाले हाय?" हे त्यांचं पालुपद. घंटा झाली तरी वर्गातून निघायचे नाहीत. एखाद्या दगडाविषयी बोलायला लागले की महिना जायचा. हेडमास्तर कळवळून विचारत, "सर, अजून अकबर नाही झाला?" सर शांतपणे म्हणत, "येते न सर. अकबराले घाई नाई, तुमाले काहून?" फ्लॅट पाहायला आले तेव्हा पार्किंगमधल्या प्रत्येक खांबावर टकटक करत फिरले. बिल्डरचा माणूस मागे-मागे. "काय पाहून राहिले काका?" "तुमी काय लपवून राहिले ते." शेवटी फ्लॅट घेतला तो कांतावहिनींच्या सांगण्यावरून. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

कांतावहिनी म्हणजे सरांच्या बायको. बारीक अंगाच्या, हसऱ्या, पण एकदा बिनसलं की बिनसलं. डब्यातली त्यांची जवसाची चटणी सर स्टाफरूमभर वाटायचे आणि स्वतः कोरडी पोळी खायचे. वहिनींना ते कळलं तेव्हापासून चटणीच्या दोन डब्या येऊ लागल्या. एकीवर "जगाची" आणि दुसरीवर "घरची" अशी चिठ्ठी. सर दोन्ही वाटून टाकायचे.

सरांचं गाव कुहीच्या पलीकडे. धानाच्या बांध्या संपल्या की एक ठेंगणी टेकडी लागते आणि तिच्या पोटात जुनी खदान आहे. आता खदान म्हटलं की आपल्याला खडी-गिट्टी आठवते. ही तशी नाही. इथे कधीकाळी मोठमोठ्या मूर्ती घडवत असत. वाकाटकांच्या काळची असावी असं जाणकार म्हणतात. सर म्हणायचे, "कोन्या राजाची हाय ते त्या राजाले पुसा. काम तं पाथरवटाईनं केलं."

नववीची सहल त्यांनी एकदा तिथे नेली. पोरं तोंड पाडून बसली होती, त्यांना वॉटर पार्क हवा होता. सोबत मी. खदानीत उतरल्यावर मात्र सगळ्यांची तोंडं बंद झाली. चहूकडे तांबूस दगडाच्या कापलेल्या भिंती, एका कोपऱ्यात हत्तीचं नुसतं गंडस्थळ, कुठे घडवता घडवता तडकलेला हात. आणि मधोमध उताणा पडलेला एक महापुरुष. आमची बस त्याच्या शेजारी उभी केली असती तर लहान दिसली असती. कपाळ, नाक, ओठ, एक खांदा पूर्ण झालेला. बाकीचं अंग नुसतं उठवलेलं, पाय तर डोंगरातच. पाठ खालच्या खडकाला चिकटलेली. गावात त्याला अर्धोबा म्हणतात.

सरांनी भाषण केलं नाही. पोरांना सांगितलं, "त्याच्या बाजूले उताने झोपा अन् तो काय पाहून राहिला ते पाहा." पोरं झोपली, आभाळ पाहत गप्प पडून राहिली. मला सरांचा त्या दिवशी हेवा वाटला. माझ्या तासाला ती कधी एवढी गप्प बसली नव्हती.

अर्धोबाच्या चेहऱ्याला कुणी हात लावलेला नव्हता. पण पाठीखाली, दगड डोंगराला चिकटतो तिथे, लांबच लांब चर होता आणि त्यात छन्नीच्या बारीक खुणाच खुणा. काही काळ्या पडलेल्या, काही अगदी ताज्या. "हे कोणी केलं?" मी विचारलं.

"आमीच," सर म्हणाले. "गावानं."

मग त्यांनी सांगितलं. मूर्ती घडवताना मुख्य पाथरवटाचा मुलगा दरडीखाली सापडला. बापानं छन्नी खाली ठेवली, मग बाकीच्यांनीही ठेवली, आणि सगळे निघून गेले. काम मरणानं थांबलं, म्हणून या गावात ते मरणानंच पुढे सरकतं. घरात कुणी गेलं की तेरवीच्या दिवशी घरचं एक माणूस, बाई असो की पुरुष, छन्नी-हातोडा घेऊन खदानीत उतरतं आणि गेलेल्याच्या नावानं त्या चरात एक घाव मारतं. एकच. कुंकू नाही, हार नाही.

"नारळ?" मी विचारलं.

"अजून देव नाई झाला तो, नारळ कायचा? एक दिवस पाठ सुटन. मंग तो उठन, अन् ज्याचे ज्याचे घाव हायेत त्याईले संगं घेऊन जाईन. ज्याचा घाव नाई तो मागं राह्यते."

"तुम्ही मानता हे?"

"मी इतिहासाचा मास्तर हाव बाई. मी कायले मानतो." मग म्हणाले, "बापाचा मीच मारला होता. तवापर्यंत डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. घाव मारला अन् हाताले झिणझिण्या आल्या, पार खांद्यापर्यंत. तवा समजलं का बाप मेला."

त्यानंतर काही वर्षांनी शेजारच्या टेकडीवर गिट्टीचा क्रशर आला. सुरुंग लागायला लागले. एका रविवारी सर गावाहून आले ते जिन्यातच बसले. अर्धोबाच्या खांद्याजवळ केसाएवढी भेग दिसली होती. "त्याले काई झालं तं आमच्या साऱ्या मेलेल्याईनं काय करावं?" ते म्हणाले. तेव्हा मात्र इतिहासाचा मास्तर कुठे गेला होता, हे मी विचारलं नाही.

मग सुरू झाले खेटे. शाळा सुटली की सर या कचेरीतून त्या कचेरीत. जेवायचा पत्ता नाही, बीपीच्या गोळ्यांचा पत्ता नाही. वहिनी डबा देऊन देऊन थकल्या. "घाई कोनाले हाय" म्हणणारा माणूस आता साहेबांच्या दारात घाईनं तडफडत होता. आम्ही हसायचो. आमच्या मुख्य लिपिकांनी तर त्यांचं नावच "अर्धोबा" ठेवलं होतं. सर त्या हाकेलाही ओ द्यायचे.

शेवटी पाहणीला एक मोठे अधिकारी आले. शिकलेला, सभ्य माणूस. सरांनी त्यांना अख्खी खदान फिरून दाखवली. चरापाशी आल्यावर साहेब खाली वाकले आणि म्हणाले, "आणि ही नासधूस कुणाची?"

हे पुढचं सरांनी मला फार उशिरा सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. इस्त्रीचे कपडे घालून, साहेबाशी शुद्ध बोलत, खडकात उभे असताना त्यांना एकाएकी गावाची लाज वाटली. "आमचे लोक करतात," असं त्यांच्या तोंडून निघालं नाही. ते म्हणाले, "अडाणी लोक आहेत साहेब. समजावून सांगू. बंद होईल."

आणि ते बंद झालं. खदानीला संरक्षण मिळालं, क्रशर हटला, चारी बाजूंनी लोखंडी जाळीचं कुंपण आलं, निळा फलक आला, चौकीदार आला. मूर्तीला हात लावणं गुन्हा ठरला. सरांनी शाळेत संत्रा बर्फी वाटली. इतका आनंदी माणूस मी त्या स्टाफरूममध्ये पुन्हा पाहिला नाही.

गावात सुंदराबाई नावाची एक विधवा राहते. कुंपण लागल्यावर पहिलं मरण तिच्या घरी झालं. शेखर तिचा एकुलता एक पोरगा, ट्रॅक्टर उलटून गेला. तेरवीच्या दुपारी ती पदराखाली छन्नी घेऊन खदानीवर आली. रविवार होता आणि नेमके सर तिथे होते. चौकीदार मोरेश्वर गावचाच पोरगा, त्याला तिला अडवणं जमेना. तो सरांकडे पाहू लागला. तेव्हा सरच फाटकाच्या मध्ये उभे राहिले. कायदा समजावून सांगितला, दगड वाचला तर गावाचं नाव होईल म्हणाले.

ती ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "मास्तर, माहा पोरगा मागं राहीन न." सर म्हणाले, तसं काही नसतं बाई. ती छन्नी तशीच पदराखाली घेऊन परत गेली. तिच्यानंतर गावातून कुणीच आलं नाही.

त्या रात्री शेजारच्या घरातून मोठ्यानं बोलणं ऐकू आलं, आणि तो आवाज सरांचा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून चटणीची डबीच येईना. मी वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "चटनी कायची मागता? लेकरू गेलेल्या बाईले यायनं रिकाम्या हातानं वापस पाठवलं. एक घाव मारू दिला असता तं डोंगर पडला असता काय?" सर दारात उभे राहून ऐकत होते. वहिनी पुष्कळ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मग बोलायला लागल्या, कारण घर चालवायचं असतं. पण तेव्हापासून सरांची टकटक कमी झाली, ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे.

पुढे वहिनी आजारी पडल्या. पोटाचं दुखणं, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. दवाखान्यात मी त्यांच्याजवळ बसत असे. त्या दिवशी सर पायांशी होते, हातानं वहिनींची पावलं दाबत. वहिनींनी डोळे उघडले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलं काय? माह्या नावाचा मारजा बरं."

सरांचे हात पावलांवर थांबले.

"मारसान न?"

"हो," सर म्हणाले. "मारतो."

"मले मागं नका ठेवजा." एवढं बोलून त्या कुशीवर वळल्या. त्यानंतर दोन-चार दिवसांतच गेल्या.

तेरवी गावीच केली. लेक मंजू पुण्याहून आली होती, मी आणि माझे यजमानही गेलो. पंगती उठल्यावर सर आतल्या खोलीत गेले आणि वडिलांची छन्नी आणि हातोडा घेऊन बाहेर आले. अख्ख्या गावाला ठाऊक होतं की सर काय करणार, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर टोमणा नव्हता. उलट पुरुषमंडळी उठून बाजूला सरली. मला त्या लोकांचं नवल वाटलं. मी त्यांच्या जागी असते तर एवढी भली वागले नसते.

खदानीवर मोरेश्वरनं आधीच फाटक उघडून ठेवलं होतं. "सर, मी जरा पान खाऊन येतो," तो म्हणाला आणि मान खाली घालून निघाला.

"थांब गा," सर म्हणाले. "सुंदराबाईले बोलावून आन."

ती आली. उन्हात आल्यानं धापा टाकत होती. सरांनी तिच्यासमोर छन्नी-हातोडा धरला. "बाई, पहिले तुमच्या पोराचा. मंग माह्या बायकोचा."

सुंदराबाईनं हात पुढे केला नाही. "आता नाई लागत मास्तर," ती म्हणाली. "तेरवीचा तेरवीलेच लागते. त्याचा दिवस गेला. तुमचा आज हाय, तुमी मारा. माह्या मनात काई नाई."

तिच्या मनात खरंच काही नसावं. तिनं स्वतः सरांना दंडाला धरून फाटकातून आत नेलं आणि मागे येऊन आमच्यात उभी राहिली.

सर चरापाशी गुडघ्यांवर बसले. छन्नी टेकवली, हातोडा उचलला. मंजूनं माझा हात घट्ट धरला. हातोडा वर गेला आणि तिथेच राहिला. मग हळूच खाली आला. पुन्हा वर गेला, सरांनी मान वळवून सुंदराबाईकडे पाहिलं, आणि तो पुन्हा खाली आला. पोरीला राहवलं नाही, ती म्हणाली, "बाबा, आई वाट पाहून राहिली." सरांनी ऐकलं. त्यांची पाठ हलत होती, ते रडत होते, पण घाव काही पडला नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा ते उठून बाहेर आले.

"नाई होत," ते म्हणाले. "लाव गा कुलूप."

मला त्यांचा भयंकर राग आला. खोटं कशाला बोलू, अजूनही येतो. मरणाऱ्या बायकोला दिलेला शब्द. कसलं तत्त्व आणि कसलं काय, मारायचा होता एक घाव, कोण अडवत होतं? मी तोंडावर तसं म्हणालेही. "वहिनींनी तुमच्याजवळ दुसरं काय मागितलं होतं हो सर आयुष्यात? सकाळचं ऊन आणि हा एक घाव." सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही, म्हणून त्याचं वर्णन करत नाही. मंजू जाळीला डोकं टेकून रडत होती.

मग ती त्यांना पुण्याला घेऊन गेली. फोनवर ते पोरांची, शाळेची चौकशी करायचे, गावाचा विषय निघाला की फोन ठेवायचे. आपल्या नावानं घाव मारायला कुणी गावी जायचं नाही, असं त्यांनी लेकीला बजावून ठेवलं होतं. त्यांची तेरवी पुण्यातच एका हॉलमध्ये झाली, आणि मंजूनं बापाचा शब्द पाळला.

पण मला ते शेवटचे दिसले ते त्या संध्याकाळीच. दुसऱ्या दिवशी ते पुण्याच्या गाडीत बसले, तेव्हा मी शाळेत होते. त्या संध्याकाळी आम्ही गाडीकडे वळलो होतो, सर मात्र कुंपणाबाहेर एका दगडावर बसून होते. "दिवस बुडू द्या," म्हणाले. तेरवीचा दिवस संपेपर्यंत त्यांना तिथून हलायचं नव्हतं. सुंदराबाई त्यांच्या शेजारी खाली बसली. मी त्यांना न्यायला परत आले तेव्हा बांध्यांवर अंधारून आलं होतं, आणि सर तिला म्हणत होते, "मी तिले मागं ठेवलं, बाई. थे माह्यासाठी जन्मभर चटनी कुटत राह्यली अन् मी तिले मागं ठेवलं."

सुंदराबाईनं पदरानं तोंड पुसलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि सरांना उठवायला हात पुढे केला.

"माहा शेखर तिथं मागं मायबिगर एकटाच होता, मास्तर," ती म्हणाली. "आता कांताबाई हाय न त्याच्यापाशी. जेवू-खाऊ घालन त्याले."

सर तिचा हात धरून उठले. मग दोघं बांधावरून गावाकडे निघाले, ती पुढे आणि सर मागे.